सभासदाचे असमाधान

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाची सुरुवात मी माझ्या एका लहानशा फजितीपासून करणार आहे. काही वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंग कारखान्यात पगारवाढीच्या कराराची बोलणी चालू होती. व्यवस्थापनाचे अधिकारी त्या दिवशी एक कागद घेऊन आले. कंपनीने बाहेरच्या संस्थेकडून कामगारांची पाहणी करून घेतली होती. 'आपण आपल्या कामाबाबत समाधानी आहात काय?' हा तिच्यातला मुख्य प्रश्न. कंपनीचे कारखाने दोन. एकात आमची युनियन, दुसऱ्यात युनियन नाही. निष्कर्ष असा निघाला होता की, युनियन असलेल्या कारखान्यातले कामगार अधिक असमाधानी आहेत. अधिकारी मोठ्या सभ्यपणे म्हणाले, "साहेब, इतकी वर्षे तुम्ही यांच्यासाठी खपता आहात. पगार तुम्हीच वाढवून घेतलेत. आणि नाखूश कोण, तर तुमचेच सभासद! मग सभासद होऊन यांनी मिळवले काय?" मी काहीतरी बोललो. ते उत्तर झाले असे मला त्याही वेळी वाटले नाही, आणि माझ्या शेजारी बसलेल्या कमिटीतल्या सहकाऱ्यांनाही वाटले नसावे.

आपल्यापैकी जे कामगार आघाडीवर काम करतात त्यांना हा प्रश्न आज ना उद्या विचारला जाणार आहे. मालक विचारतील ते सोडा. नव्याने नोकरीला लागलेला, आय.टी.आय. झालेला विशी-बाविशीचा मुलगा विचारील आणि त्याला उत्तर देणे आपल्याला भाग आहे. म्हणून त्या फजितीनंतर मी या विषयावर जे वाचले आणि वाचून माझे जे मत बनले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. त्या अधिकाऱ्यांचा कागद खोटा नव्हता. अमेरिकेत रिचर्ड फ्रीमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली कामातील समाधानाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. हजारो कामगारांच्या पाहण्यांची आकडेवारी त्याने तपासली आणि त्याला एक विचित्र गोष्ट आढळली. कामगार असमाधानी असला की तो नोकरी सोडण्याचा संभव वाढतो, हे अपेक्षितच होते. युनियनचे सभासद बिगरसभासदांपेक्षा अधिक असमाधानी असल्याचे सांगत होते, हेही आकड्यांत दिसत होते. मग सभासदांनी अधिक नोकऱ्या सोडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ते कमी सोडत होते! पुढच्याच वर्षी, १९७९ साली, जॉर्ज बोर्हास या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने हाच प्रकार नोंदवला आणि त्यात भर घातली की, एकाच नोकरीत दीर्घकाळ काढलेल्या सभासदांमध्ये हे असमाधान अधिक आहे.

आता ज्या माणसाला घर आवडत नाही तो घर सोडून जातो. घर आवडत नाही असे रोज म्हणणारा, पण भाड्याची पावती दरमहा नेमाने घेणारा आणि वीस वर्षे तेथेच राहणारा भाडेकरू असेल, तर त्याच्या 'आवडत नाही' या शब्दांचा अर्थ जरा निराळा असला पाहिजे. छप्पर गळते आहे आणि ते दुरुस्त झाले पाहिजे, असे तो म्हणत असतो.

फ्रीमन आणि त्याचे सहकारी जेम्स मेडॉफ यांनी १९८४ साली कामगार संघटना नेमके काय करतात या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी या कोड्याचा उलगडा करताना आल्बर्ट हर्शमन या विचारवंताची एक कल्पना वापरली. हर्शमन हा बर्लिनमध्ये जन्मलेला, १९३३ साली नाझींच्या राजवटीत देश सोडावा लागलेला माणूस. बाहेर पडणे म्हणजे काय हे त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते. १९७० साली त्याने असे मांडले की, एखादी संस्था बिघडू लागली की तिच्यातील माणसांपुढे दोन वाटा असतात. एक निघून जाण्याची, दुसरी आवाज उठवण्याची. हा विचार त्याला सुचला तो नायजेरियातील रेल्वेच्या कारभारावरून, हे मला फार उद्बोधक वाटते. मालमोटारींची स्पर्धा आली म्हणजे रेल्वे सुधारेल, असा अर्थशास्त्राचा पाठ होता. ती सुधारली नाही. कारण जे व्यापारी सर्वांत जास्त आरडाओरडा करू शकले असते तेच आधी मालमोटारींकडे निघून गेले. मागे उरले ते मुकाट लोक, आणि रेल्वेचा कारभार तसाच राहिला.

ही कल्पना कारखान्यात आणून पाहा. युनियन नसलेल्या कारखान्यात ज्याला अन्याय सहन होत नाही तो राजीनामा देतो. पाहणीचा कागद फिरतो तेव्हा तो तेथे नसतोच. त्याचे असमाधान आकड्यांतून गळून गेलेले असते. उरतात ते सोसणारे, आणि 'काय उपयोग?' म्हणून समाधानाच्या रकान्यात खूण करणारे. युनियन असलेल्या कारखान्यात तोच माणूस राजीनामा देत नाही, तक्रार देतो. तक्रारीला वाट आहे, पाठीशी माणसे आहेत, उद्या नोकरी जाणार नाही एवढी शाश्वती आहे. म्हणून तो राहतो आणि पाहणीचा कागद आला की मनातले लिहितो. फ्रीमन-मेडॉफ यांना असेही दिसले की, सभासदांची नाराजी सरसकट नव्हती. पगार आणि इतर लाभ यांबाबत ते बिगरसभासदांपेक्षा समाधानी होते. नाराजी होती ती कामाच्या परिस्थितीबद्दल आणि वरिष्ठांशी असलेल्या संबंधांबद्दल. म्हणजे जेथे रोजचा झगडा असतो नेमकी तेथे.

एवढ्यावर हुरळून जाऊन आपण घरी गेलो तर ती लबाडी होईल. दुसरेही स्पष्टीकरण संभवते आणि ते अधिक साधे आहे. युनियन कोठे निघते? जेथे धूळ आहे, उष्णता आहे, मुकादमाची अरेरावी आहे तेथे. आणि तिचे सभासद आधी कोण होतात? जे आधीच चिडलेले आहेत ते. दवाखान्यात आजारी माणसे अधिक दिसतात म्हणून दवाखान्याने आजार पसरवला असे कोणी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये ब्रायसन, कापेलारी आणि लुचिफोरा या तीन संशोधकांनी २००४ साली याच बाजूने विचार केला. एकाच कारखान्यातील मालक आणि कामगार अशा दोघांकडूनही घेतलेली १९९८ सालची माहिती त्यांच्यापुढे होती. कोणत्या प्रकारचा कामगार कोठे काम करतो आणि सभासद का होतो याचा हिशेब धरल्यावर सभासदत्वामुळे समाधान घटते हा निष्कर्ष टिकत नाही, असे त्यांना आढळले. अलीकडे ब्लांचफ्लॉवर, ब्रायसन आणि ग्रीन यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर चित्र उलटे दिसते. अलीकडच्या दशकांतील आकडेवारीत सभासदच काहीसे अधिक समाधानी आढळतात.

हे का झाले असावे? माझे मत सांगतो, ते मत म्हणूनच घ्या. अमेरिकेत १९८३ साली पगारदारांपैकी २०.१ टक्के लोक युनियनचे सभासद होते. २०२४ साली ते प्रमाण ९.९ टक्क्यांवर आले. चाळीस वर्षांत निम्म्याहून कमी. आसपास कंत्राटी, तात्पुरत्या, केव्हाही जाणाऱ्या नोकऱ्यांचा पूर लोटला असताना ज्याच्या पायाखाली अजून थोडी कोरडी जमीन आहे त्याला ती जमीन प्रिय वाटू लागते. असे असेल तर या वाढलेल्या समाधानाने आपण फार आनंदून जाऊ नये. ते शेजाऱ्याची अवस्था पाहून आलेले समाधान असू शकते.

थोडक्यात, 'समाधानी आहात काय?' या प्रश्नाचे उत्तर परिस्थितीइतकेच अपेक्षेवर अवलंबून असते. याचे मला माहीत असलेले सर्वांत विदारक उदाहरण कारखान्यातले नाही, आपल्याच देशातले आहे. १९४३च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळ सिंगूर येथे विधवा आणि विधुर यांच्या प्रकृतीची पाहणी झाली. अमर्त्य सेन यांनी ती पुढे लोकांच्या नजरेला आणली. आपली प्रकृती बरी नाही किंवा यथातथाच आहे असे सांगणारे विधुर होते ४८.५ टक्के. आणि विधवा? अडीच टक्के! त्या काळच्या बंगालमधील विधवेचे खाणे, तिचा उपास, घरातील तिचे स्थान आपल्याला ठाऊक आहे. तिची प्रकृती पुरुषापेक्षा ठणठणीत होती असे कोणी म्हणेल काय? आपल्या प्रकृतीविषयी तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार आहे, हेच तिला कोणी सांगितले नव्हते.

पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला युनियन येण्यापूर्वी कोणी विचारले असते, तर त्याने तरी काय सांगितले असते? 'चाललंय, नशिबात आहे ते.' पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना एकत्र आणले. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यानंतर हाच हमाल पोत्याच्या वजनाबद्दल बोलू लागला, भविष्यनिर्वाह निधीबद्दल बोलू लागला, रजेबद्दल बोलू लागला. कष्ट तेच होते, वजन तर पुढे कमीच झाले, आणि तक्रारी मात्र वाढल्या. व्यवस्थापनशास्त्राच्या भाषेत याला समाधान घटणे म्हणतात. मी याला माणूस उभा राहणे म्हणतो.

मालकवर्गाला कामगारांच्या मनात काय आहे हे जाणून घेण्याची इच्छा नसते असे मात्र समजू नका. ती इच्छा फार जुनी आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या प्रचंड कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले ते व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात. त्यातच वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. मुलाखत घेणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही, वाद घालायचा नाही, फक्त ऐकून घ्यायचे. कामगार मोकळेपणाने बोलले, त्यांना बरेही वाटले. पण या सगळ्यातून अभ्यासकांनी काढलेले तात्पर्य कोणते? तर कामगाराची तक्रार ही वस्तुस्थितीचे विधान म्हणून घेऊ नये. ती त्याच्या मनाच्या अवस्थेचे लक्षण म्हणून पाहावी. 'दर कमी आहे' असे तो म्हणाला तर दर तपासायचा नाही, घरी काही अडचण आहे का ते पाहायचे! १९३६ पासून तर त्या कारखान्यात समुपदेशकच नेमले गेले. त्यांनी ऐकून घ्यायचे, करायचे काहीच नाही. त्याच सुमारास, १९३५ साली, अमेरिकेत वॅग्नर कायदा झाला आणि कामगारांच्या स्वतंत्र संघटनेशी वाटाघाटी करणे मालकावर बंधनकारक ठरले. ऐकून घेणे आणि ऐकावे लागणे यांत किती अंतर आहे ते या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते. आज कंपन्यांतून मोबाईलवर जी समाधानाची प्रश्नपत्रिका येते ती मला हॉथॉर्नच्या त्या मुलाखतीची नात वाटते.

येथपर्यंतचे सगळे आपल्याला सोयीचे होते. आता गैरसोयीचे बोलतो, कारण ते टाळण्यासाठी मी येथे आलेलो नाही.

आतापर्यंत मी असे गृहीत धरले की, सभासदत्व म्हणजे आवाज. पण पावती फाडली म्हणजे आवाज मिळतोच असे नाही. याचा पुरावा शोधायला शिकागोला जायला नको. परळ-लालबागला गेले तरी पुरे. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एखाद्या स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगापुरती एकच प्रातिनिधिक युनियन असते. कापडधंद्यात तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. करार करणार तो संघ. तो लागू होणार संपूर्ण मुंबईतील गिरणी कामगारांना, मग त्यांनी संघाची पावती घेतलेली असो वा नसो. आपल्याला नको असलेला प्रतिनिधी बदलायचा कसा, याचे व्यवहारात चालेल असे उत्तर साचावाल्याकडे वा बदली कामगाराकडे नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्या होत्याच. त्यांच्या बरोबरीने हा कायदा रद्द करा, अशीही मागणी होती. तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही असे मला वाटते. पोटासाठी लढणारा माणूस एका कायद्याच्या कलमासाठी का लढेल? कारण पोटाचा प्रश्न कोणी मांडायचा हे त्या कलमाने ठरत होते. हा आपला माणूस नव्हे, असे अडीच लाखांनी सांगून पाहिले. ऐकायची सोय कायद्यात नव्हती. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो झिजत झिजत संपला आणि गिरणगावही संपले. डॉ. सामंत यांच्या धोरणाविषयी माझे मतभेद आहेत, ते आज येथे काढत नाही.

त्या कायद्याच्या आधीचा इतिहासही लक्षात ठेवा. १९३८ साली मुंबई इलाख्यात औद्योगिक कलहाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे त्याला गुलाम करणे, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला.

पण त्याच बाबासाहेबांनी त्याच्या दहा वर्षे आधी एक प्रश्न मालकांना नव्हे, संपाच्या पुढाऱ्यांना विचारला होता. गिरण्यांतील साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यात धागा ओढून घेताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणाईत पगार चांगला, म्हणून ही बंदी पोटावर मारणारी होती. १९२८च्या संपात मागण्यांची यादी तयार झाली तिच्यात ही तक्रार नव्हती. ती का नाही, असे बाबासाहेबांनी विचारले. लाल बावट्याखाली उभे असलेले हजारो अस्पृश्य कामगार कमी पगाराबद्दल असमाधानी होते, हे युनियनला ऐकू येत होते. साचेखात्याच्या दारातून ते परत फिरवले जात होते, हे ऐकू येत नव्हते, कारण परत फिरवणारेही सभासदच होते.

म्हणून सभासदाच्या असमाधानाचा आकडा हातात आला म्हणजे मी आता एकच गोष्ट विचारतो. हे असमाधान कोठे जाते? ते युनियनच्या कचेरीत येते, कमिटीत जाते, मागण्यांच्या पत्रकात उतरते, की कोठेच जात नाही? पहिल्या प्रकारचे असमाधान कितीही वाढले तरी मला त्याचे भय वाटत नाही. दुसऱ्या प्रकारचे असमाधान आकड्यात तेवढेच दिसते, पण ते आतून युनियन पोखरते.

औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. तिच्यानुसार ५१ टक्के कामगार ज्या युनियनचे सभासद असतील ती एकमेव वाटाघाटी युनियन. तेवढे बहुमत कोणाकडेच नसेल, तर २० टक्क्यांवरच्या युनियनांच्या प्रतिनिधींची परिषद. कोणत्याही आस्थापनेत संपापूर्वी नोटीस सक्तीची झाली आहे, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जाणार. या संहितेविरुद्ध आपण मोर्चे काढतो ते योग्यच आहे. पण ५१ टक्क्यांच्या शर्यतीत पावत्या फाडण्याच्या नादाला लागून आपणही उद्या परळमधल्या त्या मानाच्या जागी जाऊन बसणार नाही ना, ही धास्ती मला आहे. उरलेल्या ४९ टक्क्यांनी बोलायचे कोठे, हे आपल्या युनियनच्या घटनेत लिहिलेले असले पाहिजे. कायदा ते लिहिणार नाही.

आता त्या कारखान्याकडे परत येतो. तो करार झाला, बरा झाला. नंतर कमिटीतल्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवले की, कंपनीने पाहणी केली तशी आपणही करू, मात्र प्रश्न आपल्याविषयी विचारू. 'युनियनबद्दल आपण समाधानी आहात काय?' वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. मीही आधी कां-कूं केले, हे सांगायला लाज वाटते. शेवटी कागद वाटले. नावे लिहायची नव्हती.

आले ते वाचवत नव्हते. वर्गणीचा हिशेब फळ्यावर लागत नाही. गेट मीटिंगमध्ये तेच तिघे बोलतात. रात्रपाळीला कमिटीचा माणूस कधी दिसत नाही. तक्रार दिली तर 'करार होईपर्यंत थांब' असे सांगतात. तीन वर्षे थांबलो. काही जणांनी माझ्याविषयीही लिहिले होते, ते येथे सांगत नाही. मात्र युनियन सोडायची आहे असे कोणीही लिहिले नव्हते. फ्रीमनने १९७८ साली जे कोडे मांडले ते माझ्या टेबलावर कामगारांच्या हस्ताक्षरात पडले होते.

त्या कागदांत काही कागद कोणी न मागता आले होते. कारखान्यात कायम कामगारांच्या शेजारी, त्याच यंत्रांवर, कंत्राटदाराकडची मुले काम करतात. आमच्या घटनेप्रमाणे ती सभासद होऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना कागद वाटलेच नव्हते. त्यांनी कायम कामगारांकडून मागून घेतले आणि भरून दिले. एकाने 'समाधानी' व 'असमाधानी' या दोन्ही शब्दांवर काट मारून खाली लिहिले होते : 'आम्हाला कोण विचारतो?'

सभासदत्वाच्या त्या कलमात दुरुस्ती करण्याचा ठराव आम्ही दोनदा सर्वसाधारण सभेपुढे आणला. पहिल्या वेळी तो पडला. दुसऱ्या वेळी गणसंख्या भरली नाही. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी नीट ऐकले आहे. कंत्राटी मुले आत आली तर आपला बोनस वाटला जाईल, अशी त्यांची भीती आहे आणि तीही सभासदांचीच भीती आहे, तिला हसून चालणार नाही. ठराव तिसऱ्यांदा येणार आहे. या खेपेस रात्रपाळी सुटण्याच्या वेळी सभा ठेवली आहे, आणि त्या मुलांपैकी दोघांना मतदानाचा अधिकार नसला तरी बोलायला बोलावले आहे.